बालकर्करोग आणि चूल : परळपासून परळपर्यंतचा एक इतिहास

 

आजच्या फलकावर ‘बालकर्करोग’ हा शब्द वाचून काहींना वाटलं असेल की आज कोणीतरी डॉक्टर बोलणार. तर आधीच सांगून टाकतो. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्याचा साध्या पडशावरही उपयोग होत नाही. त्यामुळे पथ्य सांगण्याचा अधिकार मला नाही. मी इतिहास सांगणार आहे. तो ऐकल्यावर पथ्याच्या कागदाकडे, आणि तो कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या आईकडे आपण जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो, तर आजचा तास कारणी लागला असं मी समजेन.

सुरुवातीला एक विषमता सांगतो, कारण सगळा विषय तिच्यातून निघतो. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं आज बरी होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अनेक गरीब आणि मध्यम देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. म्हणजे रोग तोच, औषधांची नावंही बहुतेक तीच, आणि मूल जगेल की नाही हे ते कुठे जन्मलं यावर ठरतं. याची कारणं अनेक आहेत. निदान उशिरा होतं, औषध परवडत नाही, गाव लांब असतं, उपचार मध्येच सुटतात, संसर्गानं मूल दगावतं. या कारणांमधून एक धागा जातो तो अन्नाचा. आणि अन्न म्हटलं की ते कोणीतरी रांधावं लागतं. त्या रांधणाऱ्या माणसाबद्दल आज बोलायचं आहे.

आता १९२८ सालच्या मुंबईत चला. ल्युसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर त्या वर्षी इथे आल्या. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी चालली होती आणि तिचं काम परळच्या हाफकिन संस्थेत होतं. गरोदरपणात कित्येक बायकांना विलक्षण पांडुरोग व्हायचा. रक्त तपासलं की तांबड्या पेशी थोड्या, आणि ज्या आहेत त्या वाजवीपेक्षा मोठ्या. कापडगिरण्यांतल्या कामकरी बायका, गल्लीबोळांत पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायका यांच्यात हा प्रकार जास्त. विल्सबाईंनी काय केलं? रक्ताबरोबर त्यांनी या बायकांचं ताटही तपासलं. वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात याची नोंद केली. ज्यांचं खाणं सगळ्यांत निकृष्ट, त्यांच्यात हा पांडुरोग सगळ्यांत जास्त, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी तशाच निकृष्ट आहारावर उंदीर आणि माकडं ठेवून पाहिली, निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. शेवटी गुण आला तो एका स्वस्त खाद्यपदार्थानं. इंग्लंडात पावाला फासून खातात तो यीस्टचा अर्क, मार्माइट. हा शोध त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

त्याच १९३१ साली आणखी एक घटना घडली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडलं, ते हाफकिन संस्थेच्या शेजारीच. विल्सबाईंचा पांडुरोग आणि मेहेरबाईंचा ल्युकेमिया यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणालाही सुचलं नसतं. संबंध निघाला, तो समुद्रापलीकडे.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फोलिक आम्ल. विल्सबाईंच्या अर्कातला गुणकारी घटक तो हाच. लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीनं तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले, भीमावरमचे, यल्लाप्रगडा सुब्बाराव. नवं रक्त तयार व्हायला फोलिक आम्ल लागतं, हे आता पक्कं झालं होतं.

बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली. तर्क सरळ होता : रक्त बिघडलं आहे, तर रक्त घडवणारं द्रव्य द्यावं. पण रोग उलट वेगानं वाढतोय अशी त्यांना शंका आली. त्या शंकेतून प्रश्न उलटा फिरला. रोगट पेशीलाही हेच अन्न लागत असेल, तर तिचं हे अन्न तोडता येईल का? सुब्बारावांच्या चमूनं फोलिक आम्लासारखी दिसणारी, पण त्याचं काम न करणारी द्रव्यं बनवली होती. कुलपात शिरणारी पण न फिरणारी किल्ली म्हणा. ती आत अडकून बसते आणि खरी किल्ली बाहेर राहते. त्यांतलं अमायनोप्टेरिन हे द्रव्य फार्बरांनी १९४७ च्या डिसेंबरात मुलांना द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तांत छापला. त्यांतल्या १० मुलांत सुधारणा झाली होती. ती टिकली नाही, काही महिन्यांत रोग परतला. पण तोवर या रोगात औषधानं अशी सुधारणा कुणी दाखवली नव्हती. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी. त्यांच्या चमूतूनच आलेलं मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला दिलं जातं.

म्हणजे पाहा, बालकर्करोगावरच्या पहिल्या परिणामकारक औषधाची वाट परळमधल्या गरोदर बायकांच्या ताटावरून गेली आहे. कर्करोगाच्या इतिहासात फार्बरांचं प्रकरण मोठं असतं, सुब्बारावांचं लहान, विल्सबाईंचा उल्लेख कधीकधी तळटीपेत. आणि ज्या बायकांच्या ताटात काय नव्हतं यावरून हे सगळं कळलं, त्यांची नावं कुठेच नाहीत.

इथे मला माझ्या विषयातलं थोडं बोलू द्या. तैत्तिरीय उपनिषदात ‘अन्न’ या शब्दाची फोड दिली आहे. जे खाल्लं जातं ते अन्न, आणि जे खातं तेही अन्न. विद्यार्थ्यांना हे शिकवताना अडचण यायची, अन्न कसं खाईल म्हणून. फार्बरांच्या मुलांकडे पाहिलं की त्या फोडीला एक अर्थ सापडतो. ज्या द्रव्यावर मूल वाढतं, त्याच द्रव्यावर त्याला खाणारी पेशीही वाढते. त्याच उपनिषदात अन्नाला सगळ्यांचं औषध म्हटलं आहे. ऋषींना पेशी माहीत होत्या असला दावा मी करत नाही, तो उद्योग करणारे पुष्कळ आहेत. माझा मुद्दा एवढाच की अन्न आणि औषध यांच्यामध्ये आपण आज जी भिंत घातली आहे, म्हणजे औषध रुग्णालयाचं आणि अन्न घरचं, ती भिंत या रोगाच्या इतिहासात मुळात नव्हती. ती नंतर आली.

कशी आली? औषध जितकं जोरकस झालं, तितकं अन्न मागे पडलं. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. रोगट पेशी भराभर वाढतात, तशाच तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून तोंड येतं, घास गिळवत नाही, ओकाऱ्या होतात, जुलाब होतात. दुसरं एक औषध बद्धकोष्ठ करतं. स्टिरॉइडच्या दिवसांत याच्या उलट, मूल रात्री २ वाजता उठून खारट-तिखट मागतं आणि दिलं नाही तर आकांत करतं. म्हणजे पेशीचं अन्न तोडण्यासाठी शोधलेलं औषध मुलाचंही अन्न तोडतं. आणि ते पुन्हा जोडून देण्याचं काम कुणाचं? औषधाच्या कागदावर ते कुणाच्याच नावानं लिहिलेलं नसतं. ते आपोआप आईकडे जातं.

फार्बरांना हे दिसलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी ‘संपूर्ण शुश्रूषा’ असा विचार मांडला. औषधोपचार, आहार, कुटुंबाला आधार, समुपदेशन हे सगळं एका छपराखाली आणि एकाच वेळी मिळालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९६२ साली मेम्फिसमध्ये सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झालं. उपचाराचं, प्रवासाचं, राहण्याचं आणि जेवणाचं बिल कुटुंबाला द्यायचं नाही, हे तिथलं धोरण झालं. त्या यादीत जेवण आहे, हे लक्षात घ्या. पुढे फिलाडेल्फियात ऑड्री इव्हान्स नावाच्या बालकर्करोगतज्ज्ञ होत्या. लांबून आलेले आईबाप खुर्च्यांवर झोपतात, यंत्रातून नाणं टाकून मिळणारं काहीबाही खातात, हे त्या रोज पाहत होत्या. एका फुटबॉलपटूच्या मुलीला ल्युकेमिया झाला होता. त्या खेळाडूच्या आणि त्याच्या संघाच्या मदतीनं, आणि मॅकडोनाल्डच्या पैशातून, १९७४ च्या ऑक्टोबरात रुग्णालयाजवळ एक घर उघडलं. आज जगभर पसरलेल्या रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसची ही सुरुवात. त्या घराचं मर्म खाटांच्या संख्येत नव्हतं. तिथे स्वयंपाकघर होतं. आईला आपल्या मुलासाठी आपल्या हातानं काही करता येत होतं, आणि शेजारच्या ओट्याशी उभ्या असलेल्या दुसऱ्या आईशी बोलता येत होतं.

याच काळात अन्नाविषयी एक भीतीही वाढली. औषधांनी पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा जंतूही जिवावर उठतो. म्हणून निर्जंतुक खोल्या आल्या, निर्जंतुक जेवण आलं, आणि त्यातून पुढे ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशा लांबलचक याद्या आल्या. कच्चं नको, फळ नको, कोशिंबीर नको, बाहेरचं नको. कित्येक वर्षं त्या याद्या जवळजवळ धर्मशास्त्रासारख्या पाळल्या गेल्या. २०१८ साली अमेरिकेत १५० मुलांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला कडक यादी, दुसऱ्याला फक्त अन्नाच्या स्वच्छतेचे नियम. दोन्ही गटांत संसर्गाचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं.

इथे घाईनं निष्कर्ष काढू नका. ‘म्हणजे काहीही चालतं’ असा त्याचा अर्थ नाही. स्वच्छतेचे नियम दोन्ही गटांना होतेच. आपल्याकडे पाणी, उष्णता, माश्या हे सगळं निराळं आहे, म्हणून आपली रुग्णालयं जे सांगतात ते पाळावंच. पण त्या चाचणीतून एक तात्त्विक गोष्ट कळते. मुलाला वाचवतं ते हात धुणं, पाणी उकळणं, ताजं रांधणं आणि रांधलेलं फार वेळ उघड्यावर न ठेवणं. हे सगळं क्रियापदांत आहे. यादीत नुसती नामं असतात. क्रियापदं पाळायला नळ लागतो, इंधन लागतं, ओटा लागतो, वेळ लागतो. यादी पाळायला नुसती भीती पुरते. म्हणून गरिबाच्या हातात आपण बहुधा यादीच देतो.

आता पुन्हा परळला येऊ.

आपल्याकडे ल्युकेमियाची मुलं हाती लागू लागली ती १९८० च्या दशकात. मुंबईचं टाटा रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीचं एम्स या तिघांनी अमेरिकी तज्ज्ञांच्या साहाय्यानं एक सामाईक उपचारपद्धती स्वीकारली. मुंबईत ती १९८४ पासून वापरात आली. आधी पाचांतलं एक मूलसुद्धा धड दीर्घकाळ जगत नव्हतं. नंतर केंद्रागणिक १० पैकी ४ ते ६ मुलं रोगाविना पुढे जाऊ लागली. ही फार मोठी कमाई होती. पण याच मुलांच्या नोंदींमध्ये एक खंतही आहे. श्रीमंत देशांच्या मानानं आपली जास्त मुलं उपचार चालू असतानाच, संसर्गानं आणि औषधांच्या तापानं दगावत होती. औषध रोगापर्यंत पोचत होतं, पण ते सोसणारं शरीर कमी पडत होतं.

आणि हे शरीर राहत कुठे होतं? ल्युकेमियाचा उपचार सुमारे अडीच वर्षं चालतो, आणि पहिले कित्येक महिने रुग्णालयाजवळ राहावंच लागतं. बिहारहून, बंगालहून, उत्तर प्रदेशातून, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून आलेलं कुटुंब मुंबईत कुठे राहणार? काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. टाटाचे नामवंत शल्यविशारद, मूळ गोव्याच्या घराण्यातले डॉ. अर्नेस्ट बोर्जेस, यांच्या नावाचं निवासगृह वांद्र्याला आहे. पण माणसं इतकी की उरलेली परळच्या फुटपाथवर. ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे त्यांना वर्णन नको.

त्या फुटपाथवर अन्न मिळत नाही असं मात्र नाही. मुंबई या बाबतीत उदार आहे. अन्नदान करणाऱ्या संस्था आहेत, व्यक्ती आहेत, सणावाराला तर रांग लागते. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी एक प्रश्न विचारतो. ठरलेल्या वेळी गाडी येते, ताटात पुरीभाजी पडते. ज्या मुलाचं तोंड फोडांनी भरलं आहे, त्यानं ती तिखट भाजी कशी खायची? त्याला दिवसातून सहा वेळा चार-चार घास हवेत. ओकारी थांबली की त्या क्षणी हवेत, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. बिहारच्या मुलाला सत्तू हवा असतो, बंगालच्या मुलाला मऊ भात आणि पातळ मासळी, आपल्याकडच्याला मेतकूट-भात. दान दिलेल्या जेवणानं आईची भूक भागते. मुलासाठी तिला चूल हवी.

हे ओळखून ज्यांनी काम उभं केलं त्यांत निहाल आणि श्यामा कविरत्ने यांचं नाव घ्यायला हवं. त्यांनी २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केली. कुटुंबाला राहायला मोफत जागा, शिधा, आणि सामाईक स्वयंपाकघर, जिथे प्रत्येक कुटुंब आपलं आपण रांधतं. आज अशी केंद्रं अनेक शहरांत आहेत. त्यानंतर काही वर्षांनी पूर्णोता दत्ता बहल यांनी कडल्स फाउंडेशन काढली. ती बालकर्करोगाच्या विभागांत आहारतज्ज्ञ नेमते आणि गरजू कुटुंबाला शिधा देते. शिधा कुटुंबाला, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. घरात तोंडं पाच आणि डबा एकाच्या नावाचा, असं झालं तर त्या डब्याचे पाच वाटे होणारच, आणि ते करणाऱ्या आईला दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक, हे सगळं करुणेच्या अंगानं ठीक आहे, पण याचा उपचाराशी थेट संबंध आहे का? आहे, आणि तो मोजलेला आहे. मध्य अमेरिकेतल्या देशांनी एकत्र येऊन जवळजवळ ३००० मुलांच्या नोंदी तपासल्या. त्या २०१२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांनी मुलांचं पोषण दंडाच्या घेरावरून मोजलं. वजनावर का विसंबले नाहीत? कारण पोटात मोठी गाठ असली की काटा तिचंही वजन दाखवतो आणि हाडकुळं मूल कागदावर धष्टपुष्ट ठरतं. दंड फसवत नाही. त्या नोंदींत आजाराच्या सुरुवातीलाच निम्म्याहून अधिक मुलं पोषणात कमी पडलेली होती, आणि अशा मुलांचे उपचार सुटण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण जास्त होतं. पण पुढची गोष्ट आशेची आहे. ग्वाटेमालातल्या ल्युकेमियाच्या मुलांवरचा अभ्यास २०१३ साली आला. ज्या मुलांचं पोषण पहिल्या ६ महिन्यांत सुधारलं, ती मुलं सुरुवातीपासून चांगल्या पोषणाच्या मुलांच्या बरोबरीनं जगली. म्हणजे गरिबीनं आधी केलेलं नुकसान भरून निघू शकतं, आणि त्यासाठी सहा महिने पुरतात. ते सहा महिने रुग्णालयाच्या आणि चुलीच्या भागीदारीत घालवावे लागतात.

मग मदत म्हणजे नेमकं काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, चूल. ओटा, शेगडी, स्वच्छ पाणी, उकळायला इंधन, झाकणाची भांडी, शीतकपाटात एक कप्पा. आणि ही चूल झोपायच्या जागेपासून जरा लांब. मळमळणाऱ्या मुलाला फोडणीचा वास पुरतो आणि पुन्हा ओकारी होते. जेवण थोडं निवू देऊन दिलं तर वास कमी येतो आणि घास जातो. स्वयंपाकघराचा आराखडा काढणाऱ्यानं हे आधी ऐकलं पाहिजे.

दुसरी, दाखवणारं माणूस. आपल्या बायकांना रांधायला शिकवावं लागत नाही, पण इथे त्यांना आपलीच काही सवय मोडावी लागते. आपल्या घरात शिळ्याचा सन्मान आहे. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, उरलेल्या पोळीचा कुस्करा, हा काटकसरीचा संस्कार. पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला तेच धोक्याचं. तसाच प्रश्न प्रसादाचा. कच्च्या दुधाचं पंचामृत, उघड्यावर कापलेलं फळ, लांबून आणलेलं तीर्थ. आजीनं श्रद्धेनं आणलेलं ‘फेकून द्या’ असं सांगणारी आहारतज्ज्ञ हरते, आणि घरात आई-आजीचं भांडण लावून जाते. ‘आजी, प्रसाद तुम्ही घ्या आणि हात बाळाच्या डोक्यावर ठेवा’ असं सांगणारी जिंकते. हे ज्ञान पुस्तकातलं नाही. ते आईच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाकडेच असतं.

तिसरी, अर्धवट ज्ञानापासून संरक्षण. कर्करोगाच्या पेशी साखर फार वापरतात, हे ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. त्यातून ‘साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो’ असं आज कोणीही मोबाइलवर पाठवतं. आईबाप घाबरून मुलाचा भात, दूध, केळं बंद करतात. उपाशी मरतं ते मूल. शरीर लागेल ती साखर मुलाच्या स्नायूंतूनसुद्धा काढून घेतं. फोलिक आम्लाचंही तसंच. आजची गोष्ट ऐकून घरी जाऊन कुणी पालेभाजी आणि वरण बंद करायला सांगू नका. रोजच्या जेवणातलं तेवढं चालतं. मात्र कुणीतरी सुचवलेली जीवनसत्त्वांची बाटली, टॉनिक, काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यातलं द्रव्य औषधाशी भांडू शकतं. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ या वाक्याला या इतिहासात आधार नाही. मार्माइटही नैसर्गिकच होतं, आणि त्यातल्याच द्रव्यानं रोगट पेशीही पोसली जाते.

चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. रांधणाऱ्याचं स्वतःचं ताट. मुलानं खाल्लं नाही तर आई खात नाही. मुलानं खाल्लं तर उरलेलं खाते. महिन्या-दोन महिन्यांत तिचाच पांडुरोग सुरू होतो. कित्येकदा आई गावी धाकट्यांपाशी अडकलेली असते आणि इथे बाप असतो, ज्यानं आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नाही. त्याला वरणभाताचा कुकर लावण्यापासून शिकवावं लागतं, न हसता. आणि दोघांवर एक अदृश्य ओझं असतं. मुलाचं वजन घटलं की आधी आईकडे पाहिलं जातं, ‘खायला घालत नाही का?’ म्हणून. नातेवाईक विचारतात, कधी कर्मचारीही विचारतात. तोंडातल्या फोडांचा दोष औषधाचा असतो, पण जाब स्वयंपाकघराला विचारला जातो. जे उपचाराचा भाग म्हणून मोजलं जात नाही, त्याचा दोष मात्र मोजला जातो, हा न्याय नाही. नीतिशास्त्र शिकवताना आपण कर्तव्याची मोठमोठी उदाहरणं देतो. चमचा हातात घेऊन तासभर बसणाऱ्या बाईचं उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हतं, आणि ते असायला हवं होतं.

विल्सबाईंनी १९२८ साली जे केलं त्याचं वैशिष्ट्य मला इथे दिसतं. आजारी बाईला ‘नीट खा’ असं सांगून त्या थांबल्या नाहीत. तिच्या ताटात नीट खाण्यासारखं आहे तरी काय, हे त्यांनी पाहिलं. आज त्याच परळमध्ये आपण मुलाचा दंड मोजतो ते योग्यच आहे. त्याच फितीनं त्याच्या आईचाही दंड एकदा मोजावा, असं मला वाटतं.

तैत्तिरीयाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयीची काही व्रतं सांगितली आहेत. अन्नाला तुच्छ लेखू नये, अन्न भरपूर करावं, आणि राहायला आलेल्या कुणालाही आपल्या वस्तीतून परत पाठवू नये. निवारा आणि अन्न तिथे एकाच प्रकरणात आहेत. अंदाजपत्रकात मात्र आपण ते वेगळे करतो. रुग्णालयाच्या खर्चात यंत्र येतं, औषध येतं, खाट येते. स्वयंपाकघर देणगीदारावर सोडलेलं असतं. मिळालं तर मिळालं. जिथे जिथे बालकर्करोगाचा विभाग उघडतो, आणि ते आता जिल्ह्यांच्या गावीही उघडू लागले आहेत, तिथे पहिल्या दिवसापासून आराखड्यात ओटा आणि शेगडी असली पाहिजे, आहारतज्ज्ञाचं पद मंजूर असलं पाहिजे, आणि शिध्याची तरतूद औषधाच्या तरतुदीशेजारी असली पाहिजे. ही मागणी दयेची म्हणून करू नये, उपचाराची म्हणून करावी.

आणि आपल्यापैकी ज्यांना प्रत्यक्ष काही करायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. पुढच्या वेळी वाढदिवसाला किंवा कुणाच्या स्मरणार्थ परळला जेवण वाटावंसं वाटलं, तर आधी जवळच्या निवासगृहात जाऊन विचारा, काय हवंय. बहुधा उत्तर येईल : तूरडाळ, तूप, शेंगदाणे, एक चांगला कुकर, सिलिंडरचे पैसे. ते द्या, आणि रांधायचं काम तिच्यावर सोपवा. तिला ते येतं.